बाकी : मेणाचा हात, एक

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार. आळंद

सोमवारी अविधवा नवमी. माय सवाष्ण गेली, म्हणून तिचं पान त्या दिवशी वाढायचं. यंदा ते मुंबईला अण्णाकडे, माझ्या भावाकडे, करायचं ठरलंय. सवाष्णीच्या ओटीसाठी मायच्याच ट्रंकेतला एखादा खण निघतो का, ते पाहायला दुपारी बसले. खणांच्या तळाशी चौकटीची वही सापडली. अक्षर माझं, आठवीतलं. मायला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मी मांडायची. १९८२ सालचं देणं-घेणं आहे सगळं: किराणा, पिठाची गिरणी, कडबा, शिलाई. फिटलेल्या ओळीवर आडवी रेघ मात्र ती स्वतः मारायची. पेन मुठीत धरून मारलेल्या त्या रेघा कागदाच्या मागच्या बाजूला बोटाला लागतात.

शेवटच्या पानावर दोन ओळी रेघेवाचून राहिल्यात.

मोतमाउलीस मेणाचा हात १.
चिंबईच्या मावशीस इरकल लुगडं १.

मी बराच वेळ तिथंच बसले. या ओळी मीच लिहिल्या होत्या आणि मीच विसरले होते.

अण्णा मुंबईला गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. माहीमला एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर कामाला लागला आणि वांद्र्याला चिंबईत एका ख्रिस्ती मावशीच्या घरी पोटमाळ्यावर राहिला. १९८१च्या पावसाळ्यात त्याचा उजवा हात प्रेसमध्ये सापडला. मनगटापासून काढावा लागेल असं दवाखान्यात सांगितलं होतं. माय तार मिळताच एकटी निघाली. तोवर तिनं सोलापूरपलीकडचं काही पाहिलं नव्हतं. दोन महिने ती त्या पोटमाळ्याखाली, मावशीच्या स्वयंपाकघरात राहिली. मावशीनं तिला टेकडीवर, मोतमाउलीच्या चर्चमध्ये नेलं आणि मायनं नवस बोलला. हात वाचला. कारखान्यानं भरपाई दिली नाही, कर्ज झालं, वडील आजारी पडले, आणि मायचं परत मुंबईला जाणं काही झालं नाही.

रात्री अण्णाला फोन केला. वहीचं सांगितलं. तिकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मोतमाउलीची जत्रा या रविवारी लागायली. आठ तारखेनंतरच्या रविवारी लागत असती. दोन दिवस आधी निघ."

शेजारच्या काकू म्हणाल्या, पक्षात नवस फेडत नाहीत. फेडत नसतील. पण देणं मायचं आहे, आणि मायचेच दिवस चालू आहेत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. कलबुर्गी

रात्रीची गाडी आहे. दुपारीच आळंदहून एसटीनं आले. एक इरकल लुगडं घेतलं, हिरवं, लाल टोपपदराचं. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? सांगता येईना. ज्या बाईचं नावही आम्ही कधी घेतलं नाही, फक्त मावशी म्हटलं, तिच्यासाठी. आज ती असेल तर नव्वदीच्या पुढं असेल.

संध्याकाळी शरणबसवेश्वराच्या देवळात जाऊन आले आणि तशीच बंदेनवाजच्या दर्ग्याकडं गेले. माय गुलबर्ग्याला आली की हे दोन्ही करायचीच. ख्वाजा बंदेनवाज दिल्लीहून इथं आले बहामनी काळात, १४२२ साली इथंच वारले. मायला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की इथं दोरा बांधला की लेकरू रात्री दचकत नाही. गाणगापूरला दत्ताच्या पादुका, तुळजापूरला भवानी, भालकीजवळ खानापूरला मैलार मल्लण्णा, म्हणजे आपला खंडोबा. तिचा मुलूख असा देवांनी आखलेला होता. भाषेची सीमा त्यात कुठंच नव्हती. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडं गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण दुसरीकडं. आळंद तर गुलबर्ग्याबरोबर इकडंच राहिलं. तरी मायच्या जत्रा होत्या तशाच राहिल्या.

चर्च म्हणजे आमच्या लहानपणी शाळा आणि दवाखाना. कलबुर्गीला कॅथलिकांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो अगदी अलीकडं, २००५ साली. पण या दख्खनच्या पठारावर ते लोक नवे नाहीत. रायचूरकडच्या मुदगलला गोव्याहून आलेल्या धर्मगुरूंची वस्ती आदिलशाहीच्या काळापासूनची आहे. मी शाळेत इतिहास शिकवते, विजापूरची आदिलशाही दरवर्षी शिकवते; मुदगलचं हे मात्र पुस्तकात नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही. यंदा सांगेन.

१३ सप्टेंबर, शनिवार. नालासोपारा

पहाटे दादरला उतरले. अण्णा फलाटावर उभा होता. पिशवी घ्यायला त्यानं उजवा हात पुढं केला. शेवटची दोन बोटं वळत नाहीत, पिशवीचे बंद तो तीन बोटांनी धरतो. चव्वेचाळीस वर्षं हा हात मी पाहत आलेय, आज पहिल्यांदा पाहिल्यासारखा वाटला.

लोकल माहीमच्या खाडीवरून गेली. अण्णानं पलीकडचा रस्ता दाखवला. तो तिथूनच रोज कामाला चालत जायचा. माहीम आणि वांद्रे ही वेगळी बेटं असताना लोक इथून नावेनं ये-जा करायचे आणि नावा उलटायच्या. सरकार पैसे काढीना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी आवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ साली हा बांध-रस्ता खुला झाला. मोतमाउलीच्या जत्रेला जाणारी शहरातली माणसं तेव्हापासून पायी आणि गाडीनं जाऊ लागली. पारशी बाईनं बांधलेल्या वाटेनं ख्रिस्ती देवळाकडं जाणाऱ्या हिंदू माणसांत माझी माय होती. तिला ही वाट कुणी बांधली ते कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या बाईलाही हात जोडले असते.

दुपारी अण्णाच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई आल्या. वसईच्या, कॅथलिक. "सकाळीच देवळातून आले," म्हणाल्या. मी चमकले. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. देव, देऊळ, सण, उपास, सगळे शब्द आपलेच. यांची मराठी चारशे वर्षं चर्चमध्ये मुरलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्यानं ख्रिस्तपुराण छापलं, आपल्या ओवीत, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. मी एम.ए.ला ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. परीक्षेत मी लिहिलं की परधर्मीयाची ही मराठी सेवा. आज शेजारीणबाई समोर बसून चहा पीत होत्या आणि तो शब्द मला खुपत राहिला. परका कोण आहे यात?

शेजारीणबाई 'मोतमाउली' म्हणाल्या तेव्हा मायची एक गोष्ट आठवली. मावशीनं पहिल्यांदा हे नाव घेतलं तेव्हा माय हादरली होती. आमच्या आळंदकडं निम्मं गाव दख्खनी बोलतं. मोत म्हटलं की मायच्या कानावर 'मौत' आली. पोरगा दवाखान्यात, आणि ही बाई मौतीच्या माउलीकडं न्यायला बघते! मावशीनं तिला समजावलं, मोत्याची माउली गो. मग ती गेली. टेकडीला पोर्तुगीज भाषेत मोंते म्हणतात, त्यातून कोळ्यांच्या तोंडी मोत आलं, असं जाणकारांचं म्हणणं. मायनं शेवटपर्यंत मोत्याचीच म्हटली.

१४ सप्टेंबर, रविवार. वांद्रे

आज सकाळपासूनचं लिहिते आहे, रात्रीचे अकरा वाजलेत आणि पाय ठणकतायत.

पहाटेच्या लोकलला उभं राहायला जागा होती ती मिरा रोडपर्यंत. नंतर डबा जत्रेचाच झाला. हातात हार, केळीच्या पानात गुंडाळलेली फुलं, मुलांच्या अंगावर नवे कपडे. वांद्र्याला उतरल्यावर जत्रेसाठी सोडलेल्या बेस्टच्या गाड्यांना मोठी रांग होती. अण्णा म्हणाला, चालत जाऊ, माय चालतच गेली होती.

आधी चिंबईत गेलो. हिल रोडवर सेंट अँड्र्यूजचं चर्च आहे. ते आपला इतिहास १६१६पासून सांगतं, म्हणजे ख्रिस्तपुराण छापलं ते साल. त्याच्या मागं, समुद्राला लागून चिंबई. अण्णा दोन गल्ल्या पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला. जिथं मावशीचं घर होतं तिथं आता तीन मजली इमारत आहे. उंबरठ्याशी बोंबील वाळवायचे बांबू असायचे, तिथं मोटारसायकली. एका म्हातारीला विचारलं. तिनं अण्णाकडं पाहिलं, मग त्याच्या हाताकडं पाहिलं. "तू माळ्यावरचा नव्हं?" म्हणाली. अण्णाला बोलता येईना. त्यानं फक्त मान हलवली.

मावशी बारा वर्षांपूर्वी गेली. घर विकलं. तिची लेक उत्तनला दिलेली, तिथंच आहे. पत्ता म्हातारीला सांगता आला नाही, पण म्हणाली, उत्तनला चर्चजवळ कुणालाही विचार. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि माझ्या पिशवीतून डोकावणारा इरकलचा पदर हातात घेऊन पाहिला. तिच्या अंगावर लाल चौकड्याचं लुगडं होतं, तसं नेसणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत. इथले हे मूळचे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं, नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोव्याच्या लोकांहून आपण वेगळे, इथल्याच मातीतले, हे सांगण्यासाठी. नाव इंग्रजी कंपनीचं, बोली मराठी, लुगडं आपलं.

तिथून टेकडी. फार उंच नाही, पण चढ दमवतो आणि गर्दी एकेका पावलानं पुढं सरकते. दोन्ही बाजूंना दुकानं. फुटाण्यांच्या माळा, कडक साखरेच्या कांड्या, पेरूचं चीज, हलवा, खेळणी, प्लास्टिकच्या बांगड्या. तुळजापूरच्या महाद्वारासमोरची गल्लीच ती, वासही तोच, फुलं, घाम आणि साखर. फरक मेणाचा. मेणाचे हात, पाय, डोकी, डोळे, पोट, हृदय. मेणाची बाळं, मेणाची घरं, विमानंसुद्धा. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते त्यानं हातात घेऊन वर जायचं. तुळजापूरला चांदीचे डोळे वाहतात, खंडोबाला पाळणा टांगतात. दुखणं देवाला तोंडानं सांगून भागत नाही, ते त्याच्यासमोर ठेवावं लागतं, हे सगळीकडच्या आयांना कसं कळलं असेल?

"हात द्या एक," मी म्हटलं.

"डावा की उजवा?" दुकानवालीनं विचारलं.

मी अण्णाकडं पाहिलं. त्यानं उजवा पुढं केला. तिनं क्षणभर त्या बोटांकडं पाहिलं आणि ढिगातून एक निवडून दिला. पाचही बोटं सरळ, पिवळसर पांढरा, लहान मुलाच्या हाताएवढा. अण्णानं तो दोन्ही हातांनी धरला. वरपर्यंत त्यानं तो माझ्याकडं दिला नाही.

रांगेत दीड तास गेला. आमच्यापुढं घाटकोपरची एक गुजराती बाई, मागं बुरख्यातल्या दोघी मायलेकी, त्यांच्यामागं वसईकडचं कुटुंब जपमाळ म्हणत होतं, मराठीत, संथ, हरिपाठासारख्या लयीत. कुणी कुणाला काय मागायला आलात विचारत नव्हतं, प्रत्येकाच्या हातात ते दिसतच होतं.

देऊळ दगडी आहे, उंच मनोऱ्यांचं. आत्ताची इमारत १९०४ सालची, शापूरजी चंदाभॉय या वास्तुविशारदाची, खर्च एक लाख रुपये. १९५४ साली पोपनं याला बॅसिलिकेचा दर्जा दिला. हे मी आधी वाचून गेले होते. मूर्तीचं मात्र मी वाचलं नव्हतं, ते रांगेत वसईच्या त्या कुटुंबातल्या आजोबांनी सांगितलं.

ही मूर्ती जेझुइटांनी सोळाव्या शतकात पोर्तुगालहून आणली, तिच्यासाठी इथं लहानसं देऊळ बांधलं. १७०० साली समुद्रातून अरब चाचे आले. मूर्तीच्या हातात सोन्याचा मुलामा दिलेलं काहीतरी होतं. ते काढण्यासाठी त्यांनी तिचा उजवा हात तोडला. देवळाला आग लावणार तोच मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि ते पळाले, असं सांगतात. (जेजुरीच्या खंडोबानं औरंगजेबाच्या फौजेवर भुंगे सोडले, ती कथा मला माय सांगायची. आजोबांनाही ती ठाऊक होती.) नंतर हात तुटलेली मूर्ती बाजूला ठेवली गेली. एका कोळ्याला स्वप्न पडलं की समुद्रात मूर्ती सापडेल, आणि खरंच तरंगत आलेली एक सापडली. सेंट अँड्र्यूजमधली ती नाविकांची माउली बरीच वर्षं टेकडीवर पुजली गेली. पुढं जुनी मूर्ती दुरुस्त झाली आणि आपल्या जागी परत आली. आज वेदीवर आहे ती हीच.

"उजवा हात?" अण्णानं विचारलं.

"उजवा," आजोबा म्हणाले.

त्यानंतर अण्णा कुणाशी बोलला नाही. आम्ही आत गेलो. ती उंचावर आहे, सोनेरी अंगरख्यात, कडेवर बाळ. गर्दी पुढं ढकलत होती, थांबायला फार तर अर्धा मिनिट मिळतं. सगळे बाळाकडं नाहीतर तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते. अण्णा तिच्या हाताकडं पाहत होता.

मायला ही गोष्ट मावशीनं सांगितली असेल का? बहुतेक सांगितली असेल. एका बाईचा लेक हात जायच्या बेतात दवाखान्यात पडलाय, तिला कुठल्या देवीपाशी न्यावं, हे मावशीला बरोबर कळलं होतं. माय मला कधी हे बोलली नाही. तिनं वहीत एवढंच सांगितलं, मेणाचा हात एक.

हात वाहून बाहेर आलो. समोर रस्त्यापलीकडं पायऱ्या चढून आणखी एक स्थान आहे, तिथं मेणबत्त्या लावतात. खाली बँडस्टँड आणि समुद्र. अण्णा पायरीवर बसला. त्यानं खिशातून फुटाण्याची माळ काढून मला दिली. ती कधी घेतली मला कळलंही नव्हतं. मायनं मुंबईहून परत येताना मला अशीच एक आणली होती, आणि मी ती शाळेत गळ्यात घालून गेले होते.

१५ सप्टेंबर, सोमवार. नालासोपारा

पहाटेपासून धो-धो पाऊस. नवमीचं पान वाढलं. वहिनीनं मायच्या हातची म्हणून तिळाची हिरवी चटणी आणि ज्वारीची भाकरी केली. सवाष्ण म्हणून वहिनीनं शेजारीणबाईंनाच बोलावलं. त्यांनी एकदा विचारलं, मी चालते ना? वहिनी म्हणाली, तुम्ही नवऱ्याच्या आहात की नाही? मग चालता. त्यांची खणानं ओटी भरली. इरकलचं लुगडं मी पिशवीतच ठेवलं. ते वहीत लिहिलेलं आहे, ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार. वसई, नंतर गाडीत

परवापासून एक गोष्ट मनातून जात नव्हती. टेकडीवरचं ते पहिलं देऊळ १७३७ ते ३९च्या धामधुमीत पाडलं गेलं. ती धामधूम आपली. मी वर्गात दरवर्षी उभी राहून सांगते: चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मुलं टाळ्या वाजवतात, मलाही अभिमान वाटतो, आजही वाटतो. पण तीच मोहीम टेकडीवरून पाहिली तर कशी दिसते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून परतीच्या गाडीआधी सकाळी वसईच्या किल्ल्यात गेले. पाऊस उघडला होता.

किल्ला म्हणजे आतून पडक्या देवळांचं रानच आहे. छप्पर नाही, कमानी उभ्या आहेत, भिंतींतून वड आलेत. पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाकडून. दोनशे पाच वर्षं ती त्यांच्याकडं राहिली. या मुलखात त्यांनी देवळं पाडली, धर्मावरून छळ केला, लोक त्रासले आणि पेशव्यांकडं गाऱ्हाणी गेली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेऊन साष्टीत पाय रोवला, आणि १७३९च्या मे महिन्यात, तटाला सुरुंग लावून, हजारो माणसं गमावून, वसई पडली. वांद्र्याचा किल्ला त्याच युद्धात सुरुंगानं उडवला गेला, मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून. वेढ्याच्या वेळी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता की वसई मिळू दे, तुझं देऊळ बांधीन. ते बांधलं गेलं, टेकाडावर, दगडी, किल्ल्यासारखं. वसईच्या चर्चांच्या घंटा लुटीत आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला मी सहलीला मुलं घेऊन गेले होते तेव्हा ती मोठी घंटा पाहिली आहे, तिच्यावर १७२९ साल आहे. मुलांनी ती वाजवून पाहिली. आवाज गोड आहे.

म्हणजे एका टेकडीवरची माउली उजाडली त्याच युद्धात दुसऱ्या टेकाडावरच्या देवीचा नवस फिटला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वर्गात मी एकच सांगत आलेय. इथं उभं राहून मला कुणाची बाजू सोडावीशी वाटली नाही. पोर्तुगीजांचा जुलूम खरा होता. मागं राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळू द्यावा अशी अट शरणागतीच्या तहात होती, आणि ती रयत इथं राहिली, म्हणून शेजारीणबाई आहेत, म्हणून मावशी होती.

आणि एक साल मी आज जुळवून पाहिलं. टेकडीवरचं देऊळ पुन्हा बांधलं गेलं १७६०च्या सुमारास. साष्टी इंग्रजांनी घेतली ती १७७४ साली. म्हणजे मोतमाउली परत उभी राहिली तेव्हा वांद्र्यावर पेशव्यांचाच अंमल होता. पाडलं गेलं ते आपल्या चढाईत, उभं राहिलं तेही आपल्या राज्यात. हे कुणी मला शिकवलं नव्हतं. दोन सालं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. भिंतीला टेकून मी ते वहीत लिहून घेतलं, दहावीच्या मुलांसाठी.

चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार केला. मग एका पडक्या देवळात, जिथं वेदी असावी तिथं, चप्पल काढून थोडा वेळ उभी राहिले.

रात्री दादरला अण्णा सोडायला आला. गाडी हलली तेव्हा त्यानं उजवा हात वर केला. नेहमी डावा करतो.

१७ सप्टेंबर, बुधवार. आळंद

कलबुर्गी स्टेशनबाहेर झेंडे लागलेले. आज इथं कल्याण कर्नाटक उत्सव, पलीकडं उमरग्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामाचं राज्य गेलं तो १९४८चा दिवस एकच, नावं दोन. माय त्याला 'पोलीस अ‍ॅक्शनचा दिवस' म्हणायची. एसटीत शाळेची मुलं होती, हातात कागदी झेंडे. माझ्या शाळेतलं झेंडावंदन चुकलं, मुख्याध्यापकांना आधीच सांगितलं होतं.

घरी आल्यावर आंघोळ केली आणि ट्रंक उघडली. मायचं पेन आता नाही. माझ्याच पेननं, मुठीत धरून, पहिल्या ओळीवर रेघ मारली. कागद फाटेल की काय वाटलं, इतका दाब दिला.

दुसरी ओळ तशीच आहे. इरकल घडी घालून वहीवर ठेवलं. दिवाळीची सुट्टी लागली की अण्णा भाईंदरला येऊन थांबेल, तिथून उत्तनला बस जाते. चर्चजवळ कुणालाही विचारायचं, चिंबईच्या मावशीची लेक कुठं राहते.